उष्ण कटिबंधावरील ओझोनचें आवरण : उपग्रहांच्या दप्तरांतील जमाखर्च

शेतकऱ्याचा आकाशाशीं संबंध पावसापुरता, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ज्या हवेंत ढग जमतात व जेथून पाऊस पडतो, तो थर आपल्या उष्ण कटिबंधांत जमिनीपासून सोळा-सतरा किलोमीटर उंचीपर्यंत आहे. त्यावर सुमारें पन्नास किलोमीटरपर्यंत जी कोरडी व निरभ्र हवा पसरली आहे, तिला स्थितांबर म्हणतात. तेथें मेघ नाहींत, गारा नाहींत, वळवाची वादळें नाहींत. तेव्हां तिच्याशीं आपलें काय देणेंघेणें, असें कोणी विचारील. उन्हाची धार बोथट करणारा ओझोन नांवाचा वायु मुख्यत्वेंकरून याच थरांत असतो, हें त्याचें एक उत्तर. आणि त्या ओझोनास खाणारा एक वायु आपण शेतांत टाकलेल्या नत्रखतांतून निघून तेथवर पोंचतो, हें दुसरें. पहिली गोष्ट आतां शाळेंतील मुलांसहि ठाऊक असते. दुसरी मात्र आमच्या शेतकरी बंधूंच्या कानांवर क्वचितच जाते, म्हणून हा लेख.

ओझोन हें प्राणवायूचेंच एक निराळें रूप आहे. आपण श्वासावाटें घेतों त्या प्राणवायूच्या रेणूंत दोन अणु असतात, ओझोनच्या रेणूंत तीन. उंचावर सूर्याच्या प्रखर किरणांनीं प्राणवायूचे रेणु फुटतात, सुटे झालेले अणु दुसऱ्या अखंड रेणूंस जाऊन चिकटतात, आणि ओझोन तयार होतो. ही उपपत्ति सिडनी चॅपमन या इंग्रज शास्त्रज्ञानें १९३० सालीं मांडली. सूर्यप्रकाशांत जांभळ्या रंगापलीकडचे, डोळ्यांस न दिसणारे जे किरण असतात, ज्यांस पूर्वीं जंबुपार म्हणत व हल्लीं अतिनील म्हणतात, ते हा वायु शोषून घेतो. ते सगळेच्या सगळे खालीं उतरते, तर उघड्या रानांत पीक व प्राणी यांचा निभाव लागला नसता. असें असूनहि हें आवरण फार विरळ आहे. एखाद्या जागेवरील सगळा ओझोन गोळा करून समुद्रसपाटीच्या दाबाखालीं व शून्य अंश उष्णतेवर पसरला, तर त्याचा थर पृथ्वीवर सरासरीनें अवघा तीन मिलिमीटर जाडीचा होईल. ज्वारीच्या दाण्याहून अधिक नाहीं. या जाडीचा एक शतांश मिलिमीटर म्हणजे एक डॉब्सन एकक. तेव्हां तीन मिलिमीटर म्हणजे ३०० एकक. पुढें आम्हीं एकक म्हटलें म्हणजे तें हेंच समजावें.

येथें एक खुलासा अवश्य आहे. मोटारींचा व कारखान्यांचा धूर उन्हांत तापून जमिनीलगत जो ओझोन तयार होतो, तो गहूं, सोयाबीन यांसारख्या पिकांच्या पानांस अपायकारक असतो. वायु तोच, पण जागा चुकलेली. तो विषय वेगळा आहे व येथें त्यास हात घातलेला नाहीं.

आतां कोणासहि वाटेल कीं, जेथें सूर्य डोक्यावर तळपतो तेथें ओझोन अधिक बनावयाचा, व म्हणून त्याचें आवरणहि तेथेंच सर्वांत जाड असावयाचें. अधिक बनतो हें खरें; आवरण मात्र तेथेंच सर्वांत पातळ आहे. ऑक्सफर्ड येथील डॉब्सन यांनीं १९२० नंतरच्या दशकांत ओझोन मोजण्याचें यंत्र सिद्ध केलें व निरनिराळ्या देशांत तीं यंत्रें धाडलीं. त्यांपैकीं एक तेव्हांच्या मद्रास इलाख्यांतील कोडाईकनालच्या वेधशाळेंत आलें. १९२८-२९ च्या सुमारास घेतलेल्या या मोजणींत असें आढळलें कीं, विषुववृत्ताजवळ ओझोन कमी असतो व वर्षभरांत त्यांत फारसा फरक पडत नाहीं; युरोपांत मात्र तो वसंत ऋतूंत भरपूर व शरदांत कमी असतो. उष्ण कटिबंधांत हें माप साधारणपणें २५० ते २८० एकक भरतें. उत्तरेकडील थंड प्रदेशांत वसंतांत तें ४०० च्या वर जातें.

या कोड्याची उकल १९४९ सालीं ब्रुअर यांनीं व १९५६ सालीं स्वतः डॉब्सन यांनीं केली. उष्ण कटिबंधावर हवा अतिशय सावकाश वर चढते, उंचावर उत्तर व दक्षिण अशा दोन्ही बाजूंस वळते, आणि थंड प्रदेशांवर खालीं उतरते. वाटेंत आपल्याबरोबर येथें बनलेला ओझोन घेऊन जाते. पीक आपल्या शिवारांत, कोठार परक्या गांवीं! पाटाच्या पाण्याचा आपला अनुभव असा कीं, मुखाजवळच्यास भरपूर आणि शेवटच्यास टिपूस. ओझोनच्या पाटाची तऱ्हा उलटी, येथें शेवटाकडेच पाणी तुंबतें.

याचा परिणाम रानांत राबणाऱ्या माणसावर होतो. सूर्य डोक्यावर आणि छत्री पातळ, अशी आपली स्थिति आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर अतिनील किरणांचा अकरा व त्यापुढील अंक अत्यंत तीव्र समजतात. महाराष्ट्रांत एप्रिल-मे महिन्यांत निरभ्र दिवशीं भर दुपारीं हा अंक ओलांडला जातो. ओझोन शेंकडा एकानें घटला, तर त्वचा भाजणारे किरण सुमारें शेंकडा सव्वा इतके वाढतात, असा ठोकळ हिशेब आहे. थंड देशांत जेथें मुळांत ऊन कोवळें, तेथें शेंकडा सव्वा म्हणजे अल्प. येथें तेंच प्रमाण पुष्कळ मोठ्या मुद्दलावर लागतें. म्हणून उष्ण कटिबंधावरील ओझोनचे बारीकसारीक चढउतारहि बारकाईनें पाहिले पाहिजेत.

या शोधांत आपल्या देशांतील मंडळी मागें नव्हती. हवामानखात्यांत काम केलेले व पुढें अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक झालेले के. आर. रामनाथन यांनीं करंदीकर यांच्या सहकार्यानें १९४९ सालीं कमी अक्षांशांवर ओझोन कोणत्या उंचीवर किती असतो, याविषयीं निबंध प्रसिद्ध केला. हवेंतील धूळ व धुरकें यांमुळें डॉब्सनच्या यंत्राचें माप कसें चुकतें, याचाहि विचार त्यांनीं त्याच वर्षीं केला. असा प्रश्न ऑक्सफर्डच्या ओलसर हवेंत बसलेल्या माणसास सुचणें कठीण; उन्हाळ्यांतील धुळीनें पांढुरकें झालेलें आपल्याकडील आकाश पाहणाऱ्यासच तो सुचावयाचा. पुढें हवामानखात्यानें फुग्याबरोबर वर जाऊन ओझोन मोजणारें यंत्र आपल्या येथेंच तयार केलें व दिल्ली, पुणें आणि तिरुवनंतपुरम् येथून तें सोडण्याचा प्रघात पाडला.

परंतु जमिनीवरील यंत्र म्हणजे एका गांवचा पर्जन्यमापक. उष्ण कटिबंधाचा बहुतेक भाग समुद्रानें व्यापलेला, आणि जेथें जमीन आहे तेथें वेधशाळा विरळ. ही उणीव उपग्रहांनीं भरून काढली. अमेरिकेच्या निंबस-४ या उपग्रहावर १९७० सालीं ओझोन मोजणारें यंत्र गेलें. खरी सलग मालिका मात्र २४ ऑक्टोबर १९७८ रोजीं सोडलेल्या निंबस-७ पासून सुरू होते. त्यावरील टॉम्स नांवाच्या यंत्रानें मे १९९३ पर्यंत काम दिलें. त्याची रीति समजण्यास कठीण नाहीं. हवेंतून उलटून वर येणाऱ्या सूर्यप्रकाशांतील दोन शेजारच्या लहरी घ्यावयाच्या. एक ओझोन पुष्कळ शोषतो अशी, दुसरी तो थोडी शोषतो अशी. दोहोंच्या तेजांत जितका फरक, तितका ओझोन वाटेंत अधिक. ही रीति उन्हांतच चालते, आणि तींत एकूण जाडी कळली तरी कोणत्या उंचीवर किती, हें नीटसें कळत नाहीं. तें काम दुसऱ्या जातीच्या यंत्रांनीं केलें. १९८४ ते २००५ पर्यंत चाललेलें एक यंत्र उपग्रहावरून दिसणारा सूर्योदय व सूर्यास्त हवेच्या कडेआडून पाहात असे. त्यास दिवसाकाठीं सुमारें पंधरा उदय व पंधरा अस्त दिसत. जुलै २००४ मध्यें सोडलेल्या ऑरा या उपग्रहावरील यंत्र तर वायूंतून आपोआप निघणाऱ्या सूक्ष्म लहरी टिपतें, त्यामुळें रात्रींच्या अंधारांतहि त्याचें काम चालतें. ओझोनखेरीज पाण्याची वाफ, नायट्रस ऑक्साइड वगैरे अनेक वायूंची उंचीवार नोंद त्यानें ठेविली आहे. आपल्या इन्सॅट-३डी या २०१३ सालच्या उपग्रहावरहि ओझोनची एकूण जाडी काढण्याची सोय केलेली होती.

मोजणी म्हटली कीं मोजण्याच्या साधनाची परीक्षा आलीच. महसूलखात्यांत हयात गेलेल्या आम्हांस या प्रकरणांतील हा भाग सर्वांत वाचनीय वाटला. शंकुसाखळी तेहतीस फुटांची. वापरून वापरून तिच्या कड्या लांबल्या म्हणजे तीच जमीन कागदावर कमी भरते, आणि बांधावरून तंटे सुरू होतात. निंबस-७ वर सूर्याचा प्रकाश ताडून पाहण्यासाठीं एक पट्टी बसविलेली होती. ती अतिनील किरणांच्या माऱ्यानें वर्षागणिक काळवंडत गेली. त्यामुळें १९८० नंतरच्या दशकांत ओझोन प्रत्यक्षाहून पुष्कळ अधिक वेगानें घटत असल्याचा भास होऊं लागला. शेवटीं त्या मापांचा जमिनीवरील डॉब्सन यंत्रांशीं मेळ घालून १९८८ सालीं तज्ज्ञांच्या मंडळानें खरी घट कोणती आणि काळवंडलेल्या पट्टीनें दाखविलेली कोणती, याचा निवाडा केला. म्हणजे आकाशांतील साखळीची परीक्षा शेवटीं जमिनीवरील साखळीनेंच झाली.

आणखी एक मौज. १९८२ च्या वसंतांत मेक्सिकोंतील एल् चिचोन ज्वालामुखीचा स्फोट झाला, तेव्हां टॉम्सच्या नकाशावर त्या भागांत एकाएकीं ओझोनचा ढीग पडल्यासारखें दिसूं लागलें. शोध करतां तो ओझोन नसून ज्वालामुखीनें ओकलेला गंधकाचा धूर निघाला; तोहि त्याच लहरी शोषतो. तेव्हांपासून हें यंत्र ज्वालामुखींवर नजर ठेवण्याच्या कामींहि येऊं लागलें. उलट दक्षिण ध्रुवाकडे १८० एककांखालील माप आलें, तर तें संशयित म्हणून खूण करून ठेवावें, अशी आकडेमोडींत योजना होती. १९८५ सालीं ब्रिटिश शास्त्रज्ञांनीं अंटार्क्टिकावरील आपल्या हॅली ठाण्यावरून ओझोनचें भगदाड जाहीर केलें. उपग्रहाच्या दप्तरांतील खूण केलेले ते आकडे तपासतां खरे ठरले.

आतां खुद्द चढउतारांकडे वळूं. उष्ण कटिबंधावर ते आकारानें लहान आहेत, पण त्यांचीं कारणें एकमेकांत इतकीं गुंतलेलीं आहेत कीं, दहा-वीस वर्षांची अखंड नोंद असल्याखेरीज तीं सुटीं करतां येत नाहींत. सर्वांत उघड तो ऋतुमानाचा. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबर-जानेवारींत माप सर्वांत खालीं, सुमारें २४०-२५० एककांवर असतें, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस तें २७०-२८० च्या आसपास चढतें. ज्या महिन्यांत ऊन सर्वांत कडक, त्याच महिन्यांत छत्री त्यांतल्या त्यांत जाड, ही त्यांतील बरी गोष्ट. पावसाळ्यांत तिबेटच्या पठारावर ओझोन त्याच अक्षांशावरील इतर प्रदेशांपेक्षां कमी असतो, हेंहि टॉम्सच्या नकाशांवरूनच लक्षांत आलें. आपल्या मोसमी पावसाच्या वेळीं त्या बाजूस हवा खालून उंच फेंकली जाते, व जमिनीकडील हवेंत ओझोन थोडा असतो, हें त्याचें एक कारण.

दुसरा फेरा याहून विलक्षण आहे. २७ ऑगस्ट १८८३ रोजीं जाव्याजवळील क्राकातोआ पर्वत उडाला, तेव्हां त्याची राख विषुववृत्तावरून पूर्वेकडून पश्चिमेकडे पृथ्वीभोंवतीं फिरली. यावरून उंचावर सदैव पूर्वेचाच वारा वाहतो, असें लोक मानूं लागले. पुढें १९०८ सालीं बर्सन या जर्मन संशोधकानें पूर्व आफ्रिकेंतील व्हिक्टोरिया सरोवरावरून फुगे सोडले, तों वारा पश्चिमेचा! दोन्ही निरीक्षणें खरीं होतीं, पण त्यांचा मेळ बसेना. १९६० च्या सुमारास अमेरिकेंत रीड व इंग्लंडांत एब्डन यांनीं स्वतंत्रपणें दाखवून दिलें कीं, विषुववृत्तावरील स्थितांबरांत पूर्वेचा व पश्चिमेचा वारा आळीपाळीनें वाहतात, आणि ही पाळी सरासरीनें अठ्ठावीस महिन्यांनीं पुरी होते. नवा वारा प्रथम वरच्या थरांत सुरू होतो व महिन्यास सुमारें एक किलोमीटर या गतीनें खालीं उतरतो. ना तो वर्षाच्या हिशेबांत बसतो, ना दोन वर्षांच्या. आमच्या पंचांगांत यास जागा नाहीं.

याचा ओझोनशीं संबंध असा. वरून पश्चिमेचा वारा उतरूं लागला म्हणजे विषुववृत्तावरील हवेचें चढणें मंदावतें, आणि वरची ओझोनयुक्त हवा खालीं राहते; पूर्वेचा वारा उतरूं लागला कीं चढण वाढते व खालची ओझोनविरळ हवा वर सरकते. यामुळें विषुववृत्तावर ओझोनची जाडी शेंकडा तीन-चार इतकी मागेंपुढें होते. गंमत अशी कीं, बारा ते पंधरा अक्षांशांच्या पलीकडे हें लक्षण उलटतें. तिरुवनंतपुरम् आठव्या अंशावर, पुणें अठराव्या. म्हणून एकाच देशांत दक्षिणेस वाढ व आपल्याकडे घट, असें एकाच वेळीं घडूं शकतें. ज्यानें फक्त एका ठाण्याची नोंद पाहिली तो येथें फसलाच म्हणून समजावें. १९५३ पासून चालत आलेल्या नोंदींत ही पाळी २०१६ सालच्या आरंभीं प्रथमच बिघडली, व २०१९-२० मध्यें पुन्हां एकदां. नियम मोडणाऱ्या अशा फेऱ्यांकडे शास्त्रज्ञ चिंतेनें पाहात आहेत.

सूर्यावरील डागांच्या अकरा वर्षांच्या चक्राबरोबर ओझोन शेंकडा दोन-तीन कमीजास्त होतो. प्रशांत महासागराचें पाणी तापतें त्या एल् निनोच्या वर्षीं, ज्याची आपण मोसमी पावसासाठीं धास्ती घेतों, उष्ण कटिबंधावरील हवेची चढण जोर धरते आणि स्थितांबराच्या तळाशीं ओझोन घटतो. ज्वालामुखींची गोष्ट निराळी. ते पाळी पाळत नाहींत. जून १९९१ मध्यें फिलिपाइन्समधील पिनाटुबो पर्वतानें सुमारें दोन कोटी टन गंधकाचा धूर वर फेंकला, व पुढील कांहीं महिन्यांत विषुववृत्ताजवळील ओझोन शेंकडा पांच-सहा इतका उतरला. १५ जानेवारी २०२२ रोजीं दक्षिण प्रशांत महासागरांत टोंगा बेटांजवळ समुद्राखालील ज्वालामुखी फुटला. त्यानें धुरापेक्षां पाणीच अधिक उडविलें. सुमारें पंधरा कोटी टन वाफ स्थितांबरांत गेली, म्हणजे तेथें जी होती तींत एका दिवसांत शेंकडा दहा भर, आणि तिच्या वाटेंतील ओझोन आठवड्याच्या आंत शेंकडा पांच घटला.

हे सर्व फेरे वजा केल्यावर खालीं जी शिल्लक राहते, तीच विचार करण्यासारखी आहे. २००० सालापासूनच्या उपग्रहांच्या नोंदींवरून असें दिसतें कीं, उष्ण कटिबंधावर चाळीस किलोमीटरच्या आसपास ओझोन दशकास शेंकडा एक ते दीड या मानानें वाढत आला आहे. शीतयंत्रांत व फवाऱ्याच्या डब्यांत वापरल्या जाणाऱ्या क्लोरीनयुक्त वायूंवर १९८७ च्या माँट्रियल करारानें बंदी घातली, त्याचें हें फळ. हिंदुस्थान १९९२ सालीं या करारांत सामील झाला, व त्यांतील मुख्य वायूंचें उत्पादन दम्याच्या फवाऱ्यांचा अपवाद करून ऑगस्ट २००८ मध्यें आपल्याकडे थांबलें. पण वीस किलोमीटरच्या आसपास, स्थितांबराच्या तळाशीं, ओझोन दशकास शेंकडा एक ते दोन घटल्याचें दिसतें. हा दुसरा आकडा पहिल्याइतका पक्का नाहीं, कारण नुकतेच सांगितलेले फेरे त्या थरांतच सर्वांत जोराचे. वरची जमा व खालचा खर्च एकमेकांत जिरून एकूण जाडींत लक्षांत येण्याजोगा फरक पडलेला नाहीं.

खालच्या घटीचें संभाव्य कारण असें सांगतात कीं, कोळसा व तेल जाळून हवा तापत चालल्यानें उष्ण कटिबंधावरील हवेची चढण अधिक जलद होत आहे. हवा सावकाश चढली तर वाटेंत उन्हानें तिच्यांत ओझोन बनण्यास अवधि मिळतो. घाईनें चढली तर मिळत नाहीं. थंड प्रदेशांवर मात्र त्यामुळें कोठार अधिकच भरावयाचें. जगाची सरासरी २०४० च्या सुमारास व दक्षिण ध्रुवावरील भगदाड २०६६ च्या सुमारास १९८० च्या स्थितीस येईल, असा २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अहवालाचा अंदाज आहे. उष्ण कटिबंधासाठीं अशी तारीख देणें धाडसाचें, कारण येथील हिशेब केवळ क्लोरीनवर अवलंबून नाहीं.

याच २०२२ सालीं कॅनडांतील एका शास्त्रज्ञानें उष्ण कटिबंधावरहि ओझोनचें प्रचंड भगदाड असल्याचें जाहीर केलें, व वर्तमानपत्रांनीं तें ठळक अक्षरांत छापलें. या विषयांतील इतर जाणत्यांनीं त्याचें साधार खंडन केलें. स्थितांबराच्या तळाशीं मुळांतच ओझोन थोडा. थोड्यांतून थोडें गेलें तरी टक्केवारी मोठी दिसते. ज्याचीं चारच झाडें त्याचीं दोन वठलीं तर अर्धी बाग गेली असें म्हणतां येतें, पण तालुक्याच्या उत्पन्नांत त्यानें काय फरक पडणार? एकूण जाडी २२० एककांखालीं उतरली म्हणजे भगदाड समजतात. तशी स्थिति आपल्या डोक्यावर नाहीं, आणि नसतां भीति घालणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

मात्र उष्ण कटिबंध हें स्थितांबराचें प्रवेशद्वार आहे, ही गोष्ट विसरतां कामा नये. पृथ्वीवर कोठेंहि निघालेला टिकाऊ वायु मुख्यतः याच दारानें वर जातो. त्यांत नायट्रस ऑक्साइड हा एक आहे. तो जमिनींतील सूक्ष्म जंतु नत्रावर काम करतांना तयार होतो, व हवेंत सुमारें सव्वाशें वर्षांस थोडा कमी इतका काळ टिकतो. पंचवीस ते चाळीस किलोमीटरवर तो फुटतो, आणि त्याच्या सुमारें दहाव्या हिश्श्यापासून असे पदार्थ निघतात कीं, ते स्वतः न संपतां ओझोनचे रेणु एकामागून एक मोडीत जातात. हें पॉल क्रुट्झेन यांनीं १९७० सालीं दाखविलें व पुढें १९९५ सालीं त्यांस नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. २००९ सालीं आपल्या देशांतून अमेरिकेंत गेलेले ए. आर. रविशंकर व त्यांचे सहकारी यांनीं हिशेब मांडून सांगितलें कीं, क्लोरीनयुक्त वायूंवर बंदी आल्यानंतर आज मनुष्याकडून सोडल्या जाणाऱ्या ओझोननाशक वायूंत नायट्रस ऑक्साइडच अग्रभागीं आहे. कारखानदारीपूर्वीं हवेच्या अब्ज भागांत तो सुमारें २७० भाग होता. २०२३ सालीं तो ३३७ झाला. माणसाकडून जो निघतो त्यांत सर्वांत मोठा वांटा शेतीचा. माँट्रियल करारांत यास बंदी नाहीं, व अन्नधान्याच्या प्रश्नाशीं निगडित असल्यामुळें ती घालणेंहि सोपें नाहीं.

आपल्या बांधावरचा हिशेब करून पाहूं. युरियांत शेंकडा ४६ नत्र; पंचेचाळीस किलोच्या गोणींत २०.७ किलो. घातलेल्या नत्राचा शेंकडा एक भाग या वायूच्या रूपानें उडून जातो, असें आंतरराष्ट्रीय हिशेबांत धरतात. म्हणजे दर गोणीमागें सुमारें ३२५ ग्रॅम नायट्रस ऑक्साइड. सुरू उसास शिफारशीप्रमाणें हेक्टरी २५० किलो नत्र, म्हणजे एकरीं सुमारें शंभर किलो, पांच गोण्यांस थोडें कमी. त्यांतून दीड किलोच्या वर हा वायु निघतो. शेंकडा एक ही सरासरी आहे. जमीन पाण्यानें तुडुंब नाहीं पण चांगली ओली आहे, आणि तिच्यांत नुकतेंच टाकलेलें नत्र पडून आहे, अशा वेळीं तो अधिक निघतो; पाटाचें पाणी दिल्यावर किंवा पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या दिवसांत त्याचा भर असतो. कोंकणांतील भातखाचरांत पाणी सतत उभें असेल तर नत्राचें रूपांतर पुढें शुद्ध नत्रवायूपर्यंत जातें व नायट्रस ऑक्साइड कमी सुटतो. खाचर आळीपाळीनें सुकलें-भिजलें म्हणजे तो वाढतो.

शिफारशीपेक्षां दीडपट-दुप्पट युरिया टाकण्याची जी संवय बागाइतांत जडली आहे, तिनें उत्पन्न त्या प्रमाणांत वाढत नाहीं; जादा नत्र कांहीं पाण्याबरोबर विहिरींत उतरतें, कांहीं वर उडतें, आणि पैसे गोणीच्या दुकानांत राहतात. खत एकदम न देतां तीन-चार हप्त्यांत द्यावें, उघड्यावर न फेंकतां मातीआड करावें, पाऊस भरून आला असतां हात आंवरावा, आणि फेरपालटांत तूर, हरभरा यांसारखें द्विदल पीक घेतलें असेल तर पुढच्या पिकाचें नत्र तितकें कमी धरावें. २०१५ पासून देशांतील सर्व युरियास निंबोळीच्या तेलाचा लेप देणें बंधनकारक केलेलें आहे. त्यानें जंतूंचें काम मंदावतें व नत्र पिकाच्या मुळांस अधिक काळ पुरतें. ठिबकानें थोडें थोडें नत्र देणाऱ्या आमच्या कांहीं ऊस बागाइतदारांचा अनुभव असा कीं, गोण्या कमी लागतात. या महिन्यांत लागणीची तयारी करणाऱ्यांनीं माती तपासून घेतली असेल, तर तिच्यावरील नत्राचा आकडा पाहूनच पहिला हप्ता ठरवावा.